सेटरच्या हाताखाली अप्रेंटिस येण्याआधीची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वर्कशॉपमध्ये सीएनसी टर्निंगवर (संगणकानं चालणाऱ्या लेथवर) नऊ वर्षं सेटर (नव्या कामासाठी मशीन लावून देणारा) असलेल्या एकांकडे पुढच्या महिन्यापासून आयटीआय टर्नर झालेले दोन अप्रेंटिस देणार आहेत. ते लिहितात, "काम मला डोळे मिटून येतं, पण समजावून सांगायला लागलो की गाडी अडते. मागच्या वेळी दिलेला पोरगा दोन महिन्यांत सोडून गेला. चांगला मेंटर व्हायचं तर हातात असलेल्या तीन आठवड्यांत काय तयारी करू? सुरुवात प्रोग्रॅमिंगपासून करू का?"

माझ्या मते तुमची अडचण बोलण्याची नाही. नऊ वर्षांत हाताला जे वळण लागलं त्यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला स्वतःलाच आता दिसत नाहीत. जॉब (कापायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, धरण्याआधी तुम्ही चकच्या जॉवरून (जबड्यांवरून) बोट फिरवून चिप (कापलेल्या धातूची कात्रण) राहिली नाही ना हे बघता. मायक्रोमीटर उचलला की झीरो तपासता. नव्या सेटिंगला सायकल स्टार्ट दाबताना दुसरा हात फीड होल्डवर (टूलची चाल थांबवणाऱ्या कळीवर) असतो. शिकवताना मात्र तोंडातून एवढंच निघतं: "जॉब लाव, सायकल मार, माप घे." पोरगा तेवढंच करतो आणि फसतो. तुम्हाला वाटतं त्याचं लक्ष नाही, त्याला वाटतं आपल्याला हे जमणार नाही. म्हणून तीन आठवड्यांत करायची कामं तीन: हातातलं काम कागदावर उतरवणं, कुठे चुकू द्यायचं आणि कुठे अजिबात नाही याची हद्द आखणं, आणि शिकवायला वेळ मिळवणं. भाषण देता येणं याच्या फार मागून येतं.

काही गोष्टी तुमच्या शॉपवर अवलंबून आहेत. महिनोन्महिने एकच जॉब चालत असेल तर अप्रेंटिस लोडिंग-अनलोडिंगमध्ये पटकन तयार होतो, पण सेटिंग शिकायची संधीच त्याला मिळत नाही; ती मुद्दाम काढावी लागते. रोज दोन सेटिंग बदलणारं जॉबवर्कचं शॉप असेल तर उलट होतं, बघायला भरपूर मिळतं आणि पक्कं काहीच होत नाही. आयटीआयमध्ये त्याला सीएनसीवर प्रत्यक्ष हात किती मिळाला, यातही जमीन-अस्मानाचा फरक असतो. मी पुढे दोन ॲक्सिसचं टर्निंग सेंटर, फॅनुक पद्धतीचा कंट्रोल आणि आठ तासांची शिफ्ट धरून लिहितो.

पहिला कागद

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ दरम्यान, अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम चालला. कारखान्यातल्या अनुभवी माणसांनी नवख्यांना लवकर आणि नीट कसं शिकवायचं, एवढाच त्यातल्या एका भागाचा विषय होता. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि तिथल्या कारखान्यांत रुजला. त्यातला एक साधा कागद आजही तितकाच कामाचा आहे. मुळात त्यात पायरी आणि कळीचा मुद्दा असे दोन रकाने होते; पुढे कारणाचा तिसरा जोडला गेला, आणि आपण तिन्ही घेऊ. ज्यावर काम साधतं किंवा बिघडतं, ज्यानं इजा होऊ शकते, किंवा ज्यानं काम सोपं होतं, तो कळीचा मुद्दा. बाकी काही त्या रकान्यात लिहायचं नाही.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ: वेअर ऑफसेट देणं, म्हणजे जॉबच्या मापातला फरक भरून काढायला कंट्रोलमध्ये टूलची बारीक दुरुस्ती टाकणं. तुमच्यासाठी हे दहा सेकंदांचं काम आहे. कागदावर उतरवलं की बघा त्यात काय काय निघतं.

समजा शाफ्टचा व्यास ३० मिलिमीटर आहे आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) स्मॉल एच ७, म्हणजे शून्य ते उणे ०.०२१. जॉब २९.९७९ ते ३०.००० च्या आत बसला पाहिजे.

पहिली पायरी, जॉब काढून मापायला तयार करणं. कळीचे मुद्दे दोन. एक, बर (कडेला राहिलेली धातूची धार) काढलेला आणि कुलंट पुसलेलं हवं. दोन, जॉब थंड हवा. कारण स्टील तापलं की फुगतं. ३० मिलिमीटरचा जॉब २० अंशांनी गरम असेल तर व्यास सुमारे ७ मायक्रॉननं (०.००७ मिलिमीटर) मोठा दिसतो, म्हणजे तुमच्या टॉलरन्सचा एक तृतीयांश भाग मापातच गेला. अप्रेंटिस गरम जॉब मापतो, ऑफसेट देतो, आणि अर्ध्या तासानं क्वालिटीचा माणूस त्यापुढचा जॉब अंडरसाइज म्हणून परत आणतो. पोराला काही केल्या कळत नाही की आपलं काय चुकलं.

दुसरी पायरी, माप घेणं. मायक्रोमीटर एक मायक्रॉन वाचणारा हवा, ०.०२ लीस्ट काउंटचा व्हर्निअर इथे चालत नाही, कारण सगळा टॉलरन्सच जेमतेम तेवढा आहे. आधी झीरो तपासायचा, रॅचेटनंच घट्ट करायचा, आणि एकमेकांना काटकोनात दोन ठिकाणी मापायचं.

तिसरी पायरी, फरक काढणं. टार्गेट म्हणून टॉलरन्सचा मध्य धरायचा, म्हणजे २९.९९०. जॉब ३०.०१२ आला असेल तर दुरुस्ती उणे ०.०२२. इथला कळीचा मुद्दा असा की एक्सची (टूलच्या आत-बाहेर सरकण्याची) किंमत व्यासावर असते, म्हणून फरक निम्मा करायचा नाही. कॉन्व्हेन्शनल लेथवर ज्यांचा हात बसलाय अशी मुलं हमखास निम्मा करतात. शिवाय इथेच एक 'थांब' लिहा: आतापर्यंत नीट चाललेल्या जॉबमध्ये अचानक दोन-तीन शतांशांचा फरक आला, तर ऑफसेटला हात लावायचा नाही. इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) तुटलाय का, जॉब चिपवर धरला गेलाय का, माप चुकलंय का, हे आधी बघायचं. इन्सर्टची झीज हळूहळू माप सरकवते. मापानं एकदम उडी मारली तर कारण दुसरंच असतं.

चौथी पायरी, किंमत टाकणं. मशीन थांबलेलं, ऑफसेटचं पान, त्यात जॉमेट्री (टूलचं मूळ माप) नव्हे तर वेअर, योग्य टूल नंबर, एक्सचा रकाना. आता या पायरीतला सगळ्यांत महाग मुद्दा: 'इनपुट' आणि 'प्लस इनपुट' या दोन वेगळ्या कळा आहेत. रकान्यात आधीच उणे ०.०४५ आहे असं धरा. उणे ०.०२२ टाइप करून 'प्लस इनपुट' दाबलं तर ती आधीच्या किमतीत मिळते आणि उणे ०.०६७ होते, जे आपल्याला हवं. चुकून 'इनपुट' दाबलं तर जुनी किंमत पुसली जाते आणि रकान्यात फक्त उणे ०.०२२ राहते. म्हणजे टूल आत येण्याऐवजी २३ मायक्रॉन बाहेर गेलं आणि पुढचा जॉब ३०.०३५ येणार. पोरगा म्हणतो, "सर, मी उणेच टाकलं होतं." खरंच उणेच टाकलेलं असतं.

आणखी एक गोष्ट बोअरिंगसाठी (आतलं भोक कापण्यासाठी) वेगळ्या ओळीत लिहा. मुलं मनात पक्कं करतात की 'उणे म्हणजे जास्त कट'. ओडीला (बाहेरच्या व्यासाला) ते जुळतं. बोअरला उणे म्हणजे टूल सेंटरकडे, म्हणजे कट कमी आणि बोअर लहान. म्हणून शिकवताना "उणे म्हणजे व्यास लहान, आत असो वा बाहेर" हे वाक्य वापरा. ते दोन्हीकडे खरं ठरतं.

पाचवी पायरी, टाकलेली किंमत मोठ्यानं वाचून खात्री करणं, पुढचा जॉब काढणं आणि मापणं. तो ओके येईपर्यंत त्यापुढचा जॉब लावायचा नाही.

दहा सेकंदांच्या कामात सात-आठ कळीचे मुद्दे निघाले, आणि त्यातला एकही "ऑफसेट दे रे" या वाक्यात नव्हता. कागद एका पानापेक्षा मोठा होऊ देऊ नका. मोठा होत असेल तर ते एक काम नसून दोन कामं आहेत.

कागद लिहून झाला की तो तपासायची एकच खात्रीची रीत आहे. ते काम न येणाऱ्या कुणाला तरी, दुसऱ्या लाइनचा ऑपरेटर किंवा क्वालिटीतला नवा मुलगा चालेल, तो वाचून दाखवा आणि लिहिलंय तेवढंच करायला सांगा. मशीन बंद ठेवून नुसत्या कळा दाखवल्या तरी पुरे. तो जिथे अडेल तिथे तुमचा एक मुद्दा राहिला आहे.

तीन आठवड्यांत असे पाच-सहा कागद होतात, जास्त नको. माझ्या मते क्रम असा असावा: मापणं, जॉब लावणं-काढणं, वेअर ऑफसेट, इन्सर्ट बदलणं, टूल टच करून (टच-ऑफ) जॉमेट्री ऑफसेट घेणं, सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला कापून घ्यायचे मऊ जबडे) बोअर करणं. मापणं पहिलं, कारण ते येत नसलं तर बाकी सगळं अंदाजानं चालतं, आणि त्यात मशीन ठोकायची भीतीही नसते. पहिले पंधरा दिवस मापणं आणि लोडिंग, महिन्याच्या आतबाहेर ऑफसेट, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात इन्सर्ट आणि टच-ऑफ, असा अंदाज धरा आणि पोराच्या गतीनं पुढेमागे करा.

'कारण' हा रकाना

हा रकाना भरताना तुम्ही काही ठिकाणी अडाल. पातळ बुशला (पोकळ नळकांड्याला) चकचं प्रेशर कमी ठेवायचं हे तुम्हाला माहीत आहे. का, ते नेमकं सांगता येतं का? तीन जॉ बुशला तीन ठिकाणी दाबतात, दाबलेल्या अवस्थेत बोअर गोल होतो, आणि जॉ सुटले की तो तीन कोपऱ्यांचा होतो. वर आणखी गंमत अशी की दोन टोकांचा बोअर गेज त्यात कसाही फिरवला तरी माप जवळपास सारखंच दाखवतो, कारण हा आकार समोरासमोर मापून सापडत नाही. तीन टोकांचं माप लागतं. हे कारण कळलेला मुलगा प्रेशरचा नॉब आपणहून बघतो. न कळलेल्याला ते दर शिफ्टला सांगावं लागतं.

तसंच फिनिशिंगच्या फीडचं (एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर). इन्सर्टच्या नंबरातले शेवटचे ०८ म्हणजे ०.८ चा नोज रेडियस (टोकाची गोलाई). त्याच इन्सर्टनं फीड ०.२ वरून ०.१ केला की पृष्ठभागावरच्या फीडच्या खुणांची खोली, निदान हिशेबानं, चौथ्या भागावर येते. "फिनिश चांगली येते म्हणून" हे उत्तर पुरत नाही. चार पटींचा हिशेब एकदा सांगितला की पोरगा फीड वाढवून सायकल टाइम वाचवायचा मोह स्वतःच टाळतो.

जिथे तुमच्याकडे कारण नाही तिथे या तीन आठवड्यांत प्रोग्रॅमरला, मेंटेनन्सला किंवा टूलिंगवाल्याला विचारून घ्या. "असंच करतात" हे उत्तर दोनदा मिळालं की मुलं विचारणं सोडतात, आणि विचारणं बंद झालेला अप्रेंटिस फार धोकादायक असतो.

आपल्याच सवयी

हा भाग कुणाला आवडत नाही, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. अप्रेंटिस तुमचं ऐकतो त्यापेक्षा जास्त तुम्हाला बघतो. एखादी लांब चिप तुम्ही हातानं ओढत असाल, डोअरचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) 'सेटिंगपुरता' बायपास ठेवत असाल, एअर गननं कपडे झटकत असाल, तर तेच त्याचं शिक्षण आहे. फरक एवढाच की चिप कधी ओढायची नाही हे तुमच्या हाताला कळतं, त्याच्या हाताला कळत नाही. तो यायच्या आधी दोन आठवडे या सवयी सोडा. सोबतच्या ऑपरेटरला सांगून ठेवा, "मी चिपला हात लावताना दिसलो की टोक." पोरगा आल्यावर एकदम सुधारायला गेलात तर घाईच्या दिवशी जुनी सवय परत येईल, आणि तो नेमकं तेच उचलेल.

चुकीची हद्द

एक वही घ्या आणि मशीनवरच्या सगळ्या कामांचे तीन भाग पाडा.

पहिल्या भागात, जिथे चुकलं तरी एखादा जॉब जाईल एवढंच: मापणं, बर काढणं, फॉर्म भरणं, चालू बॅचचं लोडिंग. इथे त्याला चुकू द्या आणि मध्ये पडू नका.

दुसऱ्यात, तुम्ही शेजारी असतानाच करायचं: ऑफसेट, इन्सर्ट, टच-ऑफ, बदललेल्या सेटिंगचा पहिला जॉब. पहिल्या जॉबसाठी नियम ठरलेला हवा: सिंगल ब्लॉक (प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवून थांबणं) चालू, रॅपिड (न कापतानाची जलद चाल) २५ टक्क्यांवर, स्क्रीनवर 'डिस्टन्स टू गो' (उरलेलं अंतर) दिसत असलेलं, बोट फीड होल्डवर. टूल जॉबपाशी आलं की थांबायचं. डोळ्यांना दिसणारं अंतर आणि स्क्रीनवरचा आकडा जुळतो का बघायचं. डोळ्यांना दहा मिलिमीटर दिसतंय आणि स्क्रीन साठ म्हणतेय, तर पुढे जायचं नाही. बहुतेक ठोकाठोकी एवढ्या एका तपासणीनं टळते. टूल टरेटमध्ये (फिरणाऱ्या टूलधारकात) कसं बसलंय, इंडेक्स होताना लांब बोअरिंग बार चकला किंवा टेलस्टॉकला लागेल का, हेही याच वेळी.

तिसऱ्या भागात ज्याला अजिबात परवानगी नाही: फिरत्या चकजवळ हात, हातमोजे घालून फिरत्या जॉबजवळ जाणं, हातानं चिप काढणं, इंटरलॉकशी खेळ, पॅरामीटरच्या पानाला हात. अंगठी, कडं, सैल बाह्या आणि गळ्यातली ओळखपत्राची दोरी शॉपवर येण्याआधीच काढलेली. ही यादी लहान ठेवा, पण तिला अपवाद ठेवू नका, स्वतःसाठीही नाही.

मेंटेनन्सकडून एक काम आधीच करून घ्या. वेअर ऑफसेटमध्ये एका वेळी किती किंमत टाकता येईल याला मर्यादा घालायची सोय बऱ्याच कंट्रोलमध्ये असते. ती मर्यादा तुमच्या कामाला साजेशी लावून घ्या, म्हणजे ०.०३ ऐवजी ३ टाइप झालं तर कंट्रोलच ते घेणार नाही. दशांश चिन्ह विसरणं ही नवख्याची सगळ्यांत नेहमीची चूक आहे, आणि ती मशीननंच अडवली तर तुम्हाला दर वेळी खांद्यावरून डोकवायची गरज उरत नाही.

सरावाचे जॉब

क्वालिटीच्या परवानगीनं दहा-बारा रिजेक्ट जॉब बाजूला काढा. चांगल्या लॉटमध्ये मिसळू नयेत म्हणून मापायच्या जागा सोडून त्यांना लाल रंग लावा, नंबर पंच करा, आणि प्रत्येकाचं माप इन्स्पेक्शनकडून घेऊन यादी स्वतःकडे ठेवा. अप्रेंटिसनं सगळे जॉब मापून लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी, आधीचे आकडे न बघता, पुन्हा मापायचे. त्याचे दोन दिवसांचे आकडे आपसात दोन-तीन मायक्रॉनपेक्षा जास्त हलत असतील तर त्याचा हात अजून बसलेला नाही: रॅचेट वापरत नाही, किंवा मायक्रोमीटर तिरका धरतो. आकडे आपसात जुळतात पण तुमच्या यादीपेक्षा सगळे एकाच बाजूला सरकलेत, तर झीरो बघायला विसरला. या दोन चुकांची दुरुस्ती वेगळी आहे, आणि नुसतं "नीट माप" म्हणून दोन्हींतली एकही सुधारत नाही.

वेळ आणि सुपरवायझर

मागचा पोरगा का गेला ते मला ठाऊक नाही, पण अशी मुलं जाण्याचं एक कारण फार दिसतं: मेंटरवर प्रॉडक्शनचं टार्गेट पूर्वीएवढंच ठेवलं जातं. मग तो शिकवतो कधी? पोरगा दिवसभर कोपऱ्यात उभा राहतो, झाडू मारतो, चहा आणतो.

सुपरवायझरला "शिकवायला वेळ द्या" म्हणू नका, आकडा द्या. समजा सायकल तीन मिनिटांची, लोडिंग अर्ध्या मिनिटाचं आणि शिफ्टमध्ये निव्वळ ४२० मिनिटं. म्हणजे १२० जॉब. रोज अर्धा तास शिकवायला लागला तर साधारण नऊ जॉब कमी होतात. मग मागणी अशी: "पहिले चार आठवडे या मशीनचं टार्गेट १२० ऐवजी १११ धरा." नऊ जॉबला हो किंवा नाही म्हणता येतं, आणि हो म्हटलं तर ते पाळावं लागतं. मॅनेजरला मान्य असेल तर ते टार्गेट बोर्डवरच लिहून घ्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी कुणीतरी "आज एवढे कमी का?" म्हणून विचारेल आणि अर्धा तास गायब होईल.

तीन मिनिटांच्या सायकलच्या आत शिकवायला जाऊ नका. मशीनच्या आवाजात अर्धं ऐकू येत नाही आणि डोअर उघडलं की वाक्य तुटतं. पहिला जॉब क्वालिटीकडे अप्रूव्हलला गेलेला असतो ती वेळ, इन्सर्ट बदलायची वेळ, सेटिंग बदलायची वेळ, या शिकवायच्या जागा आहेत.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी मिटवा. अप्रेंटिसच्या गुणांकनावर सही तुमची नसावी, निदान एकट्याची नसावी. मार्क देणाऱ्यासमोर कुणी आपलं अडलेलं उघड करत नाही. आणि त्याला ओव्हरटाइमला थांबवायचं नाही. १९६१ च्या ॲप्रेंटिसेस कायद्याप्रमाणे तो कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, आणि ॲप्रेंटिसशिप ॲडव्हायझरच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइम देता येत नाही. माणूस कमी पडला की त्याला रिकाम्या मशीनवर उभं करायचा मोह होतो. त्या वेळी हे तुम्हालाच बोलावं लागेल.

प्रत्यक्ष शिकवताना

कागद तयार असेल तर ही बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा सोपी जाते. काम तीनदा करून दाखवा: पहिल्यांदा फक्त पायऱ्या सांगत, दुसऱ्यांदा पायरी आणि कळीचा मुद्दा, तिसऱ्यांदा कारणासकट. मग त्याच्याकडून करून घ्या, आधी न बोलता, मग बोलत. उभे राहताना त्याच्या शेजारी राहा, समोर नाही. समोरून पॅनल उलटं दिसतं. त्याची पाळी असताना तुमचे हात पॅनलपासून लांब ठेवा. कळ शोधायला त्याला वीस सेकंद लागतील आणि ते बघणं तुम्हाला अवघड जाईल. तिथे हात पुढे केलात तर ती कळ तो उद्याही शोधेल. सुरक्षेचा प्रश्न असेल तेवढंच मध्ये पडा.

"समजलं का?" हा प्रश्न सोडून द्या. त्याला आपल्याकडे एकच उत्तर असतं: "हो सर." त्याऐवजी विचारा, "जॉब २९.९८१ आलाय. आता काय करशील?" तो ओके आहे म्हणून गप्प बसतो, की खालच्या लिमिटला चिकटलाय म्हणून ०.००९ वाढवायचा म्हणतो, की आधी मागचे चार जॉब बघतो म्हणतो, यावरून तुम्हाला सगळं कळतं.

दोघं आहेत हे चांगलं आहे. एक करतो तेव्हा दुसऱ्यानं पुढची पायरी आधी मोठ्यानं सांगायची, मग पहिल्यानं करायची. फक्त दोघांची तुलना चारचौघांत करू नका. एखादं काम त्याला आलं असं कधी म्हणायचं? तीन वेगवेगळ्या दिवशी, तुम्ही एक शब्दही न बोलता त्यानं ते बरोबर केलं, की. त्याच्या वहीत तारीख टाका, तुम्ही सही करा. ही वही त्याची असते, त्यानं ती घरी न्यावी.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट दोघांना शांतपणे सांगा: "चुकीचं बटण दाबलंस, जॉब गेला, टूल लागलं, तर मशीन थांबव आणि मला हाक मार. सांगितलंस म्हणून मी कधी ओरडणार नाही. लपवलंस तर मात्र मशीन मिळणार नाही." आणि पहिली चूक होईल तेव्हा हा शब्द पाळा, कारण बाकी सगळे ऑपरेटर त्या दिवशी तुमच्याकडे बघत असतात. लपवलेला एक ओव्हरसाइज शाफ्ट ग्राहकाकडे पोहोचला की अख्खा लॉट परत निवडत बसावं लागतं.

चूक झाल्यावर क्रम ठरलेला ठेवा. मशीन थांबवा, शेवटच्या ओके जॉबपासून पुढचे सगळे वेगळे काढा, मग बाजूला नेऊन विचारा: "काय दिसलं? तुला काय वाटलं? काय दाबलंस?" या तीन उत्तरांत चूक कुठे शिरली ते सापडतं. नंतर तुमचा कागद काढा आणि तो मुद्दा त्यात आहे का बघा. नसेल तर त्याच्यासमोर लिहा.

काही मुलं पहिल्यांदाच गाव सोडून आलेली असतात, चौघांत एक खोली, स्वयंपाकाची सवय नाही, नाइट शिफ्टला झोप लागत नाही. मापं अचानक बिघडायला लागली तर आधी "जेवलास का? झोप झाली का?" हे विचारा. घरच्या अडचणी तुम्ही सोडवाव्यात अशी अपेक्षा नाही. पण झोप न झालेल्या पोराला त्या दिवशी पहिल्या भागातल्या कामावर ठेवणं तुमच्या हातात आहे. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं मशीनपासून लांब, कॅन्टीनमध्ये, दोघांशी वेगवेगळं बसा आणि एवढंच विचारा की या आठवड्यात कुठे अडलं आणि काय अजून बघायला मिळालं नाही.

प्रोग्रॅमिंगबद्दल

त्यापासून सुरुवात करू नका. मुलांना त्याचंच आकर्षण असतं, कारण ते मोठं काम वाटतं. पण ज्याला मायक्रोमीटर आणि ऑफसेट येत नाही त्याला प्रोग्रॅममधला आकडा आणि जॉबवरचा आकडा यांचं नातं दिसत नाही. तो मग प्रत्येक चूक प्रोग्रॅम बदलून दुरुस्त करायला बघतो, जी वेअर ऑफसेटमध्ये करायची असते. ऑफसेट आणि टच-ऑफच्या सह्या वहीत झाल्या की वाचनापासून सुरू करा. सिंगल ब्लॉकवर मशीन चालवायचं, प्रत्येक ब्लॉकआधी त्यानं सांगायचं, "आता टूल कुठे जाणार, रॅपिडनं की फीडनं", आणि मगच सायकल स्टार्ट. सगळ्या टूलांचे ब्लॉक त्यानं असे बरोबर सांगितले की त्याला एक चॅम्फर (कडेचा तिरका काप) ०.५ वरून १ करायला द्या, तो बदल आधी ड्रॉइंगच्या झेरॉक्सवर हातानं काढून घेऊन.